पंधरा मिनिटांची खिडकी

राग हा आमच्या आजोळचा ऐवज. नाकं वेगवेगळी निघाली, उंची वेगवेगळी निघाली, पण राग सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला. आईचा राग गप्प बसायचा, मावशीचा बोलत सुटतो, आणि माझा लिहायला बसतो. आज तो बसलाय.

मावशीचा फोन आला तेव्हा तिनं कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. "गुरुवारी ये. दिवसभर चालायचंय, धड बूट घालून ये. आणि पेन आण, माझ्याकडचं एकही चालत नाही." काय काम आहे विचारलं तर "आल्यावर," म्हणाली आणि फोन ठेवला. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून आमच्यात मोठं माणूस म्हणजे मावशीच, आणि मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय मला एक्केचाळीस वर्षांची झाले तरी लागलेली नाही. म्हणून गेले.

मावशी त्रेसष्ट वर्षांची आहे. दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या जुन्या बंदरात चौतीस वर्षं ती लोकांना पायी फिरवते. सकाळी नऊला धक्क्याच्या पायऱ्यांवर जमायचं, दुपारी दोनला समुद्राकडच्या तटावर सोडायचं. हातात लाल छत्री, मिटलेली आणि वर धरलेली, म्हणजे गर्दीत मागच्यांना दिसते. पाऊस आला तरी ती छत्री उघडत नाही, कारण उघडली की ती इतर छत्र्यांत हरवते. बंदरात तिला सगळे छत्रीबाई म्हणतात, टपालवालासुद्धा. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "माझ्या मागून येणारी माणसं पुष्कळ आहेत."

तिची खोली दोरखंडांच्या दुकानावर आहे. खिडकीत तीन जोड बूट वाळत असतात, तिन्हींच्या टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या. भिंतीवर शहराचा नकाशा. त्याच्यावर पेन्सिलीनं वेळा लिहिलेल्या आहेत: पायऱ्या नऊ, वजनघर नऊ वीस, दोरगल्ली दहा. जकातघराच्या मागच्या गल्लीत एक गोल काढून आत नुसता आकडा लिहिलाय, पंधरा. मी पोचले तेव्हा ती त्या नकाशाखाली बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. शेजारी एक कागद पडला होता.

"वाच," म्हणाली.

पालिकेची नोटीस होती, म्हणजे नोटिशीची प्रत. जकातघरामागचं कॅप्टनचं ऐतिहासिक घर पालिका ताब्यात घेऊन तिथं संग्रहालय करणार आहे. सध्या राहणाऱ्या कुटुंबाला शहराच्या आतल्या भागात पर्यायी जागा मिळेल. हरकत असल्यास पुराव्यासह अमुक तारखेला दुपारी चार वाजेपर्यंत नोंदवावी. तारीख आजची होती.

"तिथं कॅप्टन कधीच राहत नव्हता," मावशी म्हणाली. "ते घर शिडं शिवणाऱ्याचं आहे. त्याच्या पणज्यापासून. कॅप्टन मी केला."

मग तिनं सांगितलं ते असं. जकातघराचं दार अकराला उघडतं. पहारेकरी कुणीही असो, एक मिनिट आधी उघडत नाही. दोरगल्लीतली सावली साडेदहाला जाते, त्यामुळं तिथं थांबता येत नाही आणि माणसं पावणेअकरालाच जकातघरामागच्या गल्लीत येऊन उभी राहतात. मधली पंधरा मिनिटं भरायची कशानं हा इथल्या प्रत्येक वाटाड्याचा जुना प्रश्न. त्या पंधरा मिनिटांत जे सांगतात त्याला ते 'भर' म्हणतात. एक जण गाठी मारून दाखवायचा. एक जण बुडालेल्या जहाजांची नावं घ्यायचा, पाठ होती त्याला. ज्याची भर त्याची, दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही हा यांचा कायदा. मावशीनं त्या घराची मोठी खिडकी घेतली आणि तिला कॅप्टनची बायको जोडली. सव्वीस वर्षांपूर्वी.

पुढं जुने वाटाडे थकले, नवे आले, त्यांना कायदा कुणी सांगितला नाही. त्यांनी तीच गोष्ट उचलली. मग कुणी तरी ती पुस्तिकेत छापली. दुसऱ्यानं पुस्तिकेतून पुस्तकात घेतली, तिसऱ्यानं त्याच्यातून आपल्या पुस्तकात. पालिकेच्या समितीनं ही पुस्तकं आधार म्हणून धरली आणि घरावर पितळेची पाटी ठोकली. आता पाटीच्या मागून नोटीस आली.

"म्हणजे तुझ्या थापेपायी एका माणसाचं घर जातंय," मी म्हणाले.

"हो."

"मग जा आणि सांग त्यांना थाप होती म्हणून. मला कशाला एवढ्या लांबून पळवलंस?"

"पुरावा लागतो. नुसतं माझं कोण ऐकतंय? म्हणतील, म्हातारीला शिडवाल्यानं पढवलंय. साक्षीदार पाहिजे."

"आणि तुझ्या थापेची साक्षीदार मी?"

ती उठली, छत्री घेतली. "चल. चालता चालता कळेल."

तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिथं बसून करणार काय? मी तिच्या मागून निघाले. सगळे तेच करतात.

त्या दिवशी चौदा माणसं होती. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, वही घेऊन आलेल्या, आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य दोनदा विचारणाऱ्या. मावशीला असली माणसं आवडतात. पायऱ्यांवर तिनं सगळ्यांना खाली वाकायला लावलं आणि दगडाच्या कडेला पडलेल्या खाचांत बोटं घालायला सांगितली. "या दोरांनी पडल्यात. एकेक खाच पडायला साठ-सत्तर वर्षं लागली. कुणी कोरलेल्या नाहीत. कोरलेल्या असत्या तर सारख्या अंतरावर असत्या, मोजून बघा." शिक्षिकाबाईंनी खरंच मोजल्या.

वजनघरात तिनं तुळईवरचा आकडा दाखवला आणि म्हणाली की ही तुळई मूळची नाही, मूळची जळाली, पुस्तकात मूळची लिहिलंय ते चूक आहे. दोरगल्लीत ती म्हणाली की गल्ली एवढी सरळ आणि लांब आहे कारण दोर वळायचा तर तो सरळच ताणावा लागतो, आणि मधे ती दोन घरं आहेत ती नंतरची, दोरवाल्यांचा धंदा बसल्यावर उभी राहिलेली. कुणी म्हणालं, इथं भुयार आहे म्हणतात. "म्हणणाऱ्याला घेऊन या," मावशी म्हणाली, "मी त्याच्याबरोबर उतरते."

मी मागं राहून हे ऐकत होते आणि माझा राग वाढत होता. जी बाई तुळई मूळची नाही हे न विचारता सांगते, तिनं एका घराला कॅप्टन चिकटवावा? खोटंच बोलायचं तर सगळीकडं बोलावं. हे म्हणजे रोज दात घासायचे आणि एक दात मुद्दाम सोडायचा.

पावणेअकराला आम्ही गल्लीत पोचलो. अरुंद गल्ली, डाव्या हाताला जकातघराची मागची भिंत, उजवीकडं ते घर. खाली साधं दार, वरच्या मजल्यावर मात्र भली मोठी खिडकी, जमिनीपासून छतापर्यंत. खिडकीच्या वर भिंतीतून बाहेर आलेली लोखंडी कडी. दाराशेजारी पितळेची पाटी, रोज पुसलेली. दारात एक माणूस उभा होता, पन्नाशीचा, उजव्या तळहाताला चामड्याचा पट्टा बांधलेला. मावशीकडं बघून त्यानं मान हलवली नाही. तोच शिडवाला, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मला वाटलं, आता ती खरं सांगेल. इथं, याच्यासमोर, सगळ्यांसमोर. तिनं छत्री वर केली, खिडकीकडं धरली, आणि जुनीच गोष्ट सुरू केली.

"एवढी मोठी खिडकी या गल्लीत दुसरी नाही. या घरात एक कॅप्टन राहायचा. आठ महिन्यांत येतो म्हणून गेला. त्याची बायको रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावायची, गल्लीच्या वळणावरून दिसावा म्हणून. निळ्या काचेचा दिवा. काचेला तडा गेला होता, त्यावर तिनं कागदाची पट्टी चिकटवली होती. नवऱ्याच्या शेवटच्या पत्राचं पाकीट होतं ना, त्याचीच पट्टी. अर्धं तिकीट दिसायचं त्या पट्टीवर."

मी माणसांतून वाट काढत छत्रीजवळ सरकले. ती पुढं बोलत होती.

"अकरा वर्षं. मग त्याच्याच जहाजावरचा एक जण भेटायला आला. म्हणाला, तो मजेत आहे, दुसऱ्या बंदरात संसार मांडलाय त्यानं. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला नाही. शेजारणीनं विचारलं तेव्हा म्हणाली, त्या उजेडानं मला झोप येत नव्हती."

लोक हसले, मग गप्प झाले. रोजच तसं होत असणार, इतक्या सराईतपणे मावशी त्या गप्प होण्यासाठी थांबली होती. शिक्षिकाबाई पाटीकडं वळल्या. "पण इथं तर लिहिलंय, तिनं शेवटच्या श्वासापर्यंत दिवा तेवत ठेवला."

"पाटी माझी नाही," मावशी म्हणाली. अकरा वाजले. ती चौदा जणांना घेऊन जकातघरात गेली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

माझे वडील जहाजाच्या इंजिनघरात फिटर होते. मी चार वर्षांची असताना गेले, आठ महिन्यांत येतो म्हणून. आमच्या खिडकीत टेबलावर ठेवायचा दिवा होता, निळ्या काचेच्या टोपीचा, काचेला तडा, तड्यावर पाकिटाची पट्टी. अर्धं तिकीट दिसायचं. त्या दिव्याखाली मी बाराखडी शिकले आणि त्याच्याचखाली दहावीचा अभ्यास सुरू केला. मग एक माणूस आला, चहा प्यायला, आणि आईनं दिवा बंद केला. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही अर्धंच सांगितलंय. आणि इथं सव्वीस वर्षं ते रोज पावणेअकराला, सावलीत, कुणालाही ऐकायला मिळत होतं.

मी निघाले. कुठं ते ठरवलं नव्हतं, फक्त तिथं थांबायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी शिडवाल्याचा आवाज आला.

"ताई, तुम्ही त्यांच्या घरच्या का?"

"आजपुरती आहे," मी म्हणाले.

"मग वर या जरा. बाईंना सांगून सांगून थकलो, तुम्ही तरी बघा."

मला काही बघायचं नव्हतं, पण तो आत वळलाही होता. जिना इतका अरुंद की माझे दोन्ही खांदे भिंतींना लागले, आणि मधे एक काटकोनात वळण. वर गेल्यावर मात्र सगळा मजला म्हणजे एकच खोली, लांबच लांब, मधे खांब नाही की भिंत नाही. जमिनीच्या फळ्या गुळगुळीत झालेल्या, त्यांवर खडूच्या रेघा. एक पांढरं शीड त्या टोकापासून या टोकापर्यंत पसरलेलं आणि त्याच्या कडेला शिडवाल्याची बायको मांडी घालून बसलेली, बोटाएवढी सुई हातात. ती उठली नाही. शीड सोडून उठता येत नाही, टाका सैल पडतो.

"हे शिवून झाल्यावर खाली कसं न्यायचं?" त्यानं विचारलं. "त्या जिन्यानं?"

मी खिडकीकडं बघितलं. बाहेर कडी होती.

"कप्पी लावतो त्या कडीला. गुंडाळी करून खिडकीतून सोडतो. म्हणून खिडकी एवढी. माझ्या पणज्यानं जमीन आधी मोजली आणि भिंती मग बांधल्या." तो एकदम थांबला. राग आवरत होता, मला ते ओळखता येतं. "पालिका मला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या देतीय. मोठी खोली पंधरा फुटांची. तिथं मी काय शिवू, रुमाल?"

"लोक आमच्या खिडकीखाली येऊन डोळे पुसतात," त्याची बायको सुईवरून मान न उचलता म्हणाली. "मी वरून बघते. माझ्या सासूनं या खिडकीत उभं राहून चाळीस वर्षं दोर ओढला. तिच्यासाठी कुणी पुसले नाहीत."

याच्यावर मी काय बोलणार होते? तुमची खिडकी गेली तशी माझी आईही गेली, एकाच बाईनं दोन्ही उचलली, असं सांगणार होते की काय? मी खाली उतरले आणि चालत सुटले. मासळीबाजारातून, जुन्या गोदामांच्या रांगेतून, जिथं आता चहाची दुकानं आहेत. जिथं तिथं निळे दिवे विकायला ठेवलेले. लहान, मोठे, किल्लीला अडकवायचे. एका दुकानात तड्याचे होते. तडा रंगवलेला. दुकानदार म्हणाला, "तड्यासकट जास्त खपतात." मी त्याला काय म्हणाले ते लिहीत नाही.

स्टेशनचा रस्ता डावीकडं होता. मी त्या वळणावर बराच वेळ उभी होते. गेले असते तर कुणी मला बोल लावला नसता. पण ती पंधरा फुटांची खोली डोक्यातून जाईना, आणि पाटीवरचं ते वाक्यही जाईना. दोनला मी तटावर पोचले. मावशी चौदा जणांना निरोप देऊन भिंतीवर एकटी बसली होती, बूट काढून.

"तुझ्या सख्ख्या बहिणीचं दुःख तू अनोळखी लोकांना विकलंस," मी म्हणाले. "पंधरा मिनिटं भरायला."

"हो."

मी भांडणाची तयारी करून आले होते. नाही म्हणाली असती तर पुढची दहा वाक्यं तयार होती. 'हो'चं काय करायचं ते मला कळेना, त्यामुळं आणखी राग आला.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आली नसतीस." तिनं पायाची बोटं चोळली. "आज तरी खरं सांगावं असं ठरवून गेले होते. छत्री वर केली आणि तोंडातून तेच आलं. सव्वीस वर्षांची सवय आहे. पहिल्यांदा सांगितली त्या दिवशी पाऊस होता, माणसं कुरकुरत होती, माझ्याकडं काही उरलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी तुमच्याकडं येऊन गेले होते. डोक्यात तुझी आईच होती. बोलून गेले. लोक गप्प झाले. चौतीस वर्षांत लोक माझ्यासमोर दुसऱ्या कशाला असे गप्प झाले नाहीत."

"आईला कळलं असतं तर?"

"तिला माहीत होतं."

समोर समुद्र होता आणि मला तोही नको झाला.

"एकदा आली होती ती. सगळ्यांच्या मागं उभी राहून ऐकलं तिनं. मला वाटलं, आता संपलं आपलं. खोलीवर आल्यावर म्हणाली, 'तुझा कॅप्टन फार वर चढला गं. फिटर होता तो.' मी पाया पडायला गेले तर पाय मागं घेतले. मग जाताना जिन्यात म्हणाली, 'सांगायचंच असेल तर ती दिवा बंद करते ते गाळू नकोस.' मी एकदाही गाळलं नाही. पाटीवाल्यांनी गाळलं."

म्हणजे दोघी बहिणींना माहीत होतं, बंदराला माहीत होतं, किल्लीला दिवे अडकवणाऱ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. आईवर रागवावं तर ती नाही. मावशीवर रागावत होतेच. उरली पाटी. माझी आई मरेपर्यंत त्या माणसाची वाट बघत बसली असं पितळेत लिहून ठेवलं होतं आणि कुणी तरी ते रोज पुसत होतं.

"ऊठ," मी म्हणाले. "बूट घाल. पेन आहे माझ्याकडं."

पालिकेची कचेरी जुन्या मालगोदामात आहे, पहिल्या मजल्यावर. साडेतीनला आम्ही पोचलो. वारसा विभागाचे साहेब चाळिशीचे, सभ्य, दमलेले. टेबलाच्या एका बाजूला फायली आणि दुसऱ्या बाजूला संग्रहालयाची चित्रं. मावशीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, गोष्टीसारखं नाही, तुळईच्या आकड्यासारखं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि फाइल उघडली.

"बाई, याला तीन पुस्तकांचा आधार आहे."

"तिसऱ्यानं दुसऱ्यातून घेतलंय, दुसऱ्यानं पहिल्यातून," मावशी म्हणाली. "पहिल्यानं माझ्यामागून चालत जाऊन घेतलंय. पावणेअकराला वही काढून उभा होता."

"हे तुम्ही म्हणताय. आणि शेवटच्या दिवशी म्हणताय." ते कडक नव्हते, त्यामुळं जास्त वैताग आला. "तुमचे आणि त्या कुटुंबाचे जुने संबंध आहेत. उद्या कुणीही येऊन म्हणेल, अमुक गोष्ट मीच रचली. कागद काय आहे?"

चित्रांमधलं वरचं चित्र दिव्याचं होतं. संग्रहालयासाठी हुबेहूब घडवून घ्यायचा दिवा. निळी काच, बरोबर जागी तडा, तड्यावर पट्टी. पट्टीवर अर्धं तिकीट. पहिल्या पुस्तकात सगळं बारकाईनं उतरवलं होतं, मानलं पाहिजे. मी फोन काढला. आमच्या घरी तो दिवा अजून माझ्या मुलीच्या टेबलावर आहे. तिच्या वाढदिवसाच्या फोटोत मागं दिसतो. मी फोटो मोठा केला आणि फोन त्या चित्राशेजारी ठेवला.

साहेबांनी चित्राकडं बघितलं, फोनकडं बघितलं, पुन्हा चित्राकडं. "तडा तोच आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण हा विजेचा दिवा आहे."

"हो. कारण गोष्ट वीज आल्यानंतरची आहे. त्या तिकिटावर साल आहे, वाचून बघा. मी तेव्हा चार वर्षांची होते."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी तिकीट मोठं केलं. "लोकांना ही गोष्ट फार आवडते हो," ते शेवटी म्हणाले. आवाजात तक्रार होती, जसं काही मीच त्यांच्या हातातून काही ओढून घेतलं.

"मला नाही आवडत," मी म्हणाले. "लिहून द्यायचं कुठं ते सांगा."

त्यांनी कागद दिला. मी लिहिलं: वडिलांचा धंदा, ते गेल्याचं साल, दिवा कुणी लावला, किती वर्षं, कुणी बंद केला. 'का बंद केला' अशी जागा कागदावर नव्हती, तरी मी समासात लिहिलं. खाली सही केली. साहेबांनी शिक्का मारला आणि शेरा लिहिला, की आधार तपासून होईपर्यंत घर ताब्यात घेऊ नये, पाटी उतरवावी. मग मावशीकडं न बघता म्हणाले, "बाई, खोटी माहिती दिल्याचं तुम्ही कबूल केलंय. परवाना मला ठेवून घ्यावा लागेल."

मावशीनं परवान्याचा बिल्ला आधीच काढून हातात धरला होता. तो तिनं टेबलावर ठेवला, उलटा पडला तो सरळ केला, आणि छत्री उचलली. मला तिची दया यावी असं तिथं सगळं होतं. आली नाही, असं नाही. पण राग पुढं उभा होता, तिला जागा मिळाली नाही.

परत गल्लीत आलो तेव्हा पाच वाजत आले होते. शिडवाला दारातच होता. मी त्याला कागदाची प्रत दिली. त्यानं ती दोनदा वाचली, आत जाऊन बायकोला वाचून दाखवली, आणि बाहेर येऊन मावशीला एवढंच म्हणाला, "उशिरा का होईना." ती म्हणाली, "हो." आभाराची देवाणघेवाण कुणी केली नाही, आणि ते बरं झालं.

मग तो वर गेला, कारण शीड उद्या सकाळी पोचवायचं होतं आणि राग-लोभानं शीड खाली येत नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक नवा वाटाड्या आला, कमरेला भोंगा, मागं वीसेक माणसं. पाटीसमोर उभा राहून त्यानं सुरू केलं. कॅप्टन, वादळ, निष्ठा. वादळ ही त्याची स्वतःची भर होती. शेवटच्या श्वासापर्यंत, तो म्हणाला, आणि वरून आवाज आला, "खालचे बाजूला व्हा."

लोक मागं सरले. कडीला कप्पी लागली होती. खिडकीतून पांढरी गुंडाळी बाहेर आली, माणसाएवढी जाड आणि चार माणसांएवढी लांब, दोरावर तोललेली. वर शिडवाल्याची बायको पाय भिंतीला टेकवून दोर सोडत होती, हातावर हात, एकेक वीत. शीड खाली दगडांवर टेकलं तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं की ती खिडकी कशाला आहे. भोंगेवाल्यालाही कळलं. त्यानं भोंगा बंद केला.

मागून कुणी तरी विचारलं, "मग ती कॅप्टनची बायको?"

भोंगेवाल्यानं छत्रीकडं बघितलं, सगळ्यांनी त्याच्या नजरेमागून बघितलं. चौतीस वर्षांत प्रथमच मावशी काही बोलली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"फिटरची बायको," मी म्हणाले. "माझी आई होती ती. अकरा वर्षांनी तिनं दिवा बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत झोपली. मला शाळेला उशीर झाला."